बुडबुडे एकमेकांत कधी मिसळतात, कधी नाही आणि साबण, मीठ, तेल पडलं की काय बदलतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत सोसायट्यांच्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची कामं बघतो. टँकवर फेस आला की सेक्रेटरीपासून ऑपरेटरपर्यंत सगळे जे प्रश्न विचारतात ते फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात: दोन बुडबुडे भेटले की त्यांच्या मधलं पाणी किती लवकर निघून जातं. हे एकदा नीट कळलं ना की साबणाचा फेस, समुद्राचा फेस, उतू जाणारी डाळ, पोटातला गॅस, सगळं त्याच हिशोबात बसतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, दहावीपर्यंतचं सायन्स आठवत असलं तरी पुरे.

दोन बुडबुडे एक होतात म्हणजे नक्की काय होतं?

जवळ आले आणि एक झाले असं होत नाही. दोघांच्या मधे पाण्याचा एक पातळ थर अडकतो, त्याला सगळे फिल्म म्हणतात, मीही तेच म्हणतो. बुडबुडे एकमेकांवर रेटले जातात तसं फिल्ममधलं पाणी कडेकडेने बाहेर निघायला लागतं, म्हणजे फिल्मचा निचरा होतो. ती पातळ होत होत दहाच्या काही पट नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आली की दोन्ही बाजूंमधलं रेणूंचं आकर्षण जोर धरतं, पृष्ठभागावरच्या अगदी बारीक लाटा वाढत जातात आणि फिल्म एका जागी फाटते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, म्हणजे फाटायच्या वेळी फिल्म प्रकाशाच्या लाटेच्याही कितीतरी खाली गेलेली असते. एकदा भोक पडलं की पुढचं सगळं झटक्यात, पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आखडून लहान व्हायला बघतो ती ओढ, ते भोक उघडत नेतो आणि दोनाचा एक मोठा बुडबुडा होतो.

फाटणं हे एका क्षणाचं काम, खरा वेळ जातो तो निचऱ्यात. आणि टाकीतल्या खळबळीत दोन बुडबुडे एकमेकांजवळ अगदी थोडा वेळ असतात, तेवढ्यात निचरा पुरा झाला तर एक होतात, नाही झाला तर आपटून आपापल्या वाटेने जातात. सगळी शर्यत या दोन वेळांची आहे. साबण, मीठ, अल्कोहोल, प्रोटीन, सिलिकॉन तेल, काहीही टाका, ते या शर्यतीत कुणाच्या बाजूने उतरतं एवढंच बघायचं.

सरफॅक्टंट म्हणजे साबणच का?

साबण हा त्यातला एक. ज्या रेणूचं एक टोक पाण्यात राहायला बघतं आणि दुसरी तेलकट शेपूट पाण्याबाहेर पडायला बघते तो सरफॅक्टंट. असे रेणू पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे जाऊन बसतात, डोकं पाण्यात, शेपूट हवेत. बुडबुड्याची आतली बाजूसुद्धा पाणी आणि हवेची सीमाच आहे, त्यामुळे तिथेही बसतात. भांडी घासायचं लिक्विड, शॅम्पू, कपड्यांची पावडर, दुधातली प्रोटीन्स, डाळीतली सॅपोनिन्स, रिठा, शिकेकाई, सगळे याच घरातले. मुंबईच्या कुठल्याही सोसायटीच्या सांडपाण्यात यातलं बरंच काही रोज सकाळी येतं, सकाळी म्हणतोय कारण अंघोळी आणि वॉशिंग मशीन्स तेव्हाच चालतात आणि टँकवरचा फेस पण बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत चढतो.

सगळीकडे लिहिलेलं असतं की साबणाने पृष्ठताण कमी होतो म्हणून फेस येतो. बरोबर आहे ना?

अर्धवट आहे, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात जास्त गोंधळ याच वाक्याने केलाय. पृष्ठताण कमी होतो हे खरं. पण बुडबुडे मिसळत नाहीत त्याचं मुख्य कारण ते नाही.

दोन उदाहरणं बघा. शुद्ध इथेनॉलचा पृष्ठताण मीटरला २२ मिलीन्यूटनच्या आसपास असतो, साबणाच्या पाण्यापेक्षाही कमी, तरी बाटली जोरात हलवली तर फेस टिकत नाही. आता उलटं, पाण्यात मीठ टाकलं की पृष्ठताण थोडा वाढतो, आणि तरीही खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळायला कचरतात. म्हणजे ताण कमी असूनही फेस नाही आणि ताण वाढूनही बुडबुडे वेगळे राहतात, मग कारण दुसरं काहीतरी असलंच पाहिजे.

ते कळायला थोडा हिशोब करू. एक मिलिमीटर त्रिज्येचे दोन बुडबुडे घ्या. बुडबुड्याच्या आतला जास्तीचा दाब म्हणजे दोन गुणिले पृष्ठताण भागिले त्रिज्या. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण २५ अंशाला ७२, तेव्हा दाब येतो १४४ पास्कल, आणि साधारण हाच दाब फिल्ममधलं पाणी बाहेर ढकलतो. साबणाने पृष्ठताण निम्मा, म्हणजे ३६ केला तर दाब ७२ पास्कल. दाब निम्मा म्हणजे निचऱ्याला दुप्पट वेळ. बस, दुप्पटच. प्रत्यक्षात मात्र फरक दिसतो तो हजारो पटींचा.

तो येतो पृष्ठभाग थांबल्यामुळे. स्वच्छ पाण्यात फिल्मचा पृष्ठभाग मोकळा असतो, आतलं पाणी निघालं की तोही सोबत सरकतो, अडवणारं कुणी नाही, काम मिलिसेकंदांत आटोपतं. सरफॅक्टंट असला की निघणारं पाणी पृष्ठभागावरचे रेणू कडेला ढकलत नेतं, त्यामुळे मधे रेणू विरळ होतात आणि कडेला दाट. जिथे विरळ तिथे पृष्ठताण जास्त, जिथे दाट तिथे कमी, मग जास्त ताणाची मधली जागा कडेच्या पृष्ठभागाला उलट आत ओढायला लागते आणि पृष्ठभाग जागच्या जागी थबकतो. आता आतल्या पाण्याला दोन थांबलेल्या भिंतींमधून वाट काढायची, आणि फिल्म जितकी पातळ तितकी ती वाट कठीण. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये वंगणाच्या थरासाठी जे गणित मांडलं तेच इथे लावतात. फिल्मची त्रिज्या ०.१ मिलिमीटर, दाब १४४ पास्कल आणि ५० नॅनोमीटरपर्यंत पोचायचं असं धरलं तर वेळ येतो २० सेकंदांच्या जवळपास, आणि साबणामुळे दाब निम्मा झालाय हे धरलं तर ४०. कुठे मिलिसेकंद आणि कुठे ४० सेकंद! खऱ्या फिल्ममध्ये मधे खळगा पडतो, कडा वाकड्या होतात, आकडे हलतात, पण फरकाचा अंदाज याच्यातून येतो.

पृष्ठताणाच्या फरकामुळे होणाऱ्या या ओढीला मारँगोनी परिणाम म्हणतात, इटलीच्या कार्लो मारँगोनीने १८६५ मध्ये पाविया विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. वाइनच्या ग्लासच्या कडेला जे थेंब चढतात आणि ओघळतात त्यांचं कारण जेम्स थॉमसनने १८५५ मध्येच याच ओढीने सांगितलं होतं. फिल्म ताणली की ती स्वतःच परत आखडायला बघते हा लवचीकपणाचा भाग पुढे अमेरिकेच्या विलार्ड गिब्जने मांडला. तेव्हा कुणी विचारलं फेस का येतो, तर पृष्ठताण किती आहे हे सांगून भागत नाही, तो एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती बदलू शकतो हे सांगावं लागतं.

मग असं काही किती टाकावं लागतं?

फार थोडं, म्हणजे धक्का बसावा इतकं थोडं. खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटवून वर आणून वेगळे करायच्या फ्लोटेशन टाक्यांमध्ये, आपल्या गोंदियापासून जवळ असलेल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतलं खनिज असंच फ्लोटेशनने वेगळं करतात, फ्रॉदर नावाचं केमिकल टाकतात ते बुडबुडे बारीक राहावेत म्हणून. त्यातलं एमआयबीसी नावाचं एक अल्कोहोल घेतलं तर लिटरला साधारण १० मिलिग्रॅमच्या आसपास पोचलं की बुडबुडे एकमेकांत मिसळणं जवळजवळ थांबतं. त्याच्या खाली डोस वाढवत न्याल तसा बुडबुडा बारीक होत जातो, त्याच्या वर कितीही टाका, आकार तिथेच राहतो. या सीमेच्या आकड्याला मिसळणं थांबवणारी क्रिटिकल मात्रा म्हणतात आणि प्रत्येक केमिकलची ती वेगळी.

आणि गंमत बघा, लिटरला १० मिलिग्रॅम एमआयबीसीने पाण्याचा पृष्ठताण नेहमीच्या उपकरणावर जेमतेम हललेला दिसतो. वरच्या प्रश्नातला मुद्दा इथे पुन्हा सिद्ध होतो.

अल्कोहोलमध्ये कार्बनची साखळी जितकी लांब तितकं कमी लागतं. ट्राऊबे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच एक सोपा नियम सांगून ठेवला: साखळीत एक कार्बन वाढला की तेवढाच परिणाम साधायला मात्रा साधारण एक तृतीयांश पुरते.

जास्त टाकलं तर जास्त फेस?

एका मर्यादेपर्यंत. टूथपेस्ट आणि शॅम्पूत असतं ते सोडियम लॉरिल सल्फेट घ्या, पाण्यात त्याची मात्रा लिटरला ८ मिलिमोलच्या वर गेली की पृष्ठभाग भरलेला असतो आणि उरलेले रेणू पाण्यात गोळे करून बसतात, त्यांना मायसेल म्हणतात. पृष्ठताण त्यापुढे फारसा उतरत नाही. खूपच जास्त असेल तर उलट होऊ शकतं, ताणलेल्या जागी आतून नवे रेणू इतक्या चटकन येतात की मधे आणि कडेला फरकच राहत नाही, आणि फरक नाही तर मारँगोनीची ओढ नाही. म्हणून भांड्याला दुप्पट लिक्विड लावून काही दुप्पट मिळत नाही, फक्त आमच्या टँकला त्रास होतो.

फिल्म टिकते ती फक्त या ओढीमुळे का?

नाही. ओढ निचरा हळू करते, पण फिल्म अगदी पातळ झाल्यावर तिला कोण धरून ठेवतं हा वेगळा प्रश्न. लॉरिल सल्फेटसारख्या रेणूंच्या डोक्यावर ऋण विद्युतभार असतो, फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच भाराच्या असल्याने एकमेकींना ढकलतात आणि फिल्म एका जाडीला येऊन थांबते. त्यातच मीठ टाकलं तर मिठाचे आयन हा भार झाकतात आणि फिल्म आणखी पातळ होते. बिनभाराच्या सरफॅक्टंटमध्ये लांब लांब डोकी एकमेकांत घुसायला तयार नसतात, तीही एक अडवणूकच. प्रोटीन्स तर पृष्ठभागावर एकमेकांना गुंतून चक्क साय धरतात, म्हणून अंड्याच्या पांढऱ्याचा फेस इतका दम धरतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. तारेची रिंग साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरा, वरून खाली रंगांचे पट्टे सरकताना दिसतील आणि शेवटी वरच्या बाजूला काळा डाग येईल. काळा म्हणजे तिथे फिल्म इतकी पातळ झालीय की दोन्ही बाजूंवरून परतणारा प्रकाश एकमेकाला रद्द करतो. न्यूटनने हे काळे डाग बघून लिहून ठेवलेत. सगळ्यात पातळ काळी फिल्म जेमतेम ५ नॅनोमीटरच्या आसपास असते.

साबण नाही, फक्त मीठ टाकलं तर?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दोन सारख्या बाटल्या घ्या, साबणाचा अंशही नको, नीट विसळून घ्या. दोन्हीत अर्धा लिटर पाणी, एकीत तीन सपाट चमचे मीठ विरघळवा, ते साधारण समुद्राइतकं खारं होतं. दोन्ही एकदम हलवा आणि उजेडासमोर धरा. साध्या पाण्यातले बुडबुडे मोठे मोठे होऊन पटकन वर निघून जातील, खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुड्यांचा ढग जास्त वेळ राहील. वर फेस मात्र दोन्हीत नाही.

क्रेग, निनहॅम आणि पॅशली या ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी १९९३ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं ते फार विचार करायला लावणारं आहे. साधं मीठ लिटरला ०.१ मोलच्या आसपास गेलं की बुडबुडे मिसळणं अडतं. पण सगळेच क्षार असं करत नाहीत. मीठ करतं, मॅग्नेशियम सल्फेट करतं, हायड्रोक्लोरिक आम्ल करत नाही, सोडियम परक्लोरेट करत नाही. त्यांनी आयनांचे दोन गट पाडले, धन आणि ऋण आयन एकाच गटातले असले तर मिसळणं अडतं, वेगळ्या गटातले असले तर नाही. साखरेनेही अडतं. या नियमामागचं नेमकं कारण काय यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.

पावसाळ्यात जुहू, वर्सोव्याला किनाऱ्यावर फेस येतो तो केमिकलचा ना?

लगेच तसं म्हणू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ०.१ मोलच्या कितीतरी वर, म्हणून लाट फुटली की बुडबुडे बारीक राहतात आणि लाट पांढरी दिसते. पण नुसत्या मिठाने किनाऱ्यावर साचणारा फेस होत नाही, त्याला सेंद्रिय पदार्थ लागतात, शेवाळं आणि सूक्ष्म जीव कुजून निघालेली प्रोटीन्स वगैरे. पावसाळ्यात वारा आणि लाटांचा मारा जास्त, नाल्यांतून वाहून येणारं सेंद्रिय द्रव्यही जास्त, म्हणून फेसही जास्त. त्यात सांडपाण्याचा वाटा असू शकतोच, तेव्हा मुलांना त्या फेसात खेळू देऊ नका हे मी सांगीनच, पण फेस दिसला म्हणजे कारखान्याने केमिकल सोडलं असा निकाल फक्त डोळ्यांनी बघून देता येत नाही, पाण्याचा नमुना तपासावा लागतो.

बुडबुडे बारीक राहिले तर ऑक्सिजन जास्त मिळणार, मग आमच्या एसटीपीत साबण आला तर चांगलंच की?

हे मला कमिटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कुणीतरी विचारतं, आणि प्रश्न खरंच चांगला आहे. बारीक बुडबुड्यांचं एकूण क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ऑक्सिजन जास्त विरघळावा हे तर्काने बरोबर. पण सरफॅक्टंट दुसरीकडून काढून घेतो. स्वच्छ पाण्यातल्या बुडबुड्याचा पृष्ठभाग वर चढताना सतत सरकत असतो, ताजं पाणी हवेला भिडत राहतं. सरफॅक्टंट बसला की पृष्ठभाग थांबतो, बुडबुडा घट्ट गोळीसारखा चढतो, एक दीड मिलिमीटरच्या बुडबुड्याचा वेग तर जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि क्षेत्रफळाच्या प्रत्येक तुकड्यातून जाणारा ऑक्सिजन घटतो. फाइन बबल डिफ्युझर, म्हणजे टँकच्या तळाशी बारीक छिद्रांतून हवा सोडणारे, मुळातच बारीक बुडबुडे सोडतात, त्यामुळे क्षेत्रफळाचा फायदा थोडा आणि तोटा मोठा.

डिझाइन करताना यासाठी अल्फा नावाचा गुणक धरतात: सांडपाण्यात ऑक्सिजन विरघळायचा वेग भागिले स्वच्छ पाण्यातला वेग. फाइन बबलला ०.४ ते ०.७ मधला आकडा सर्रास धरला जातो. म्हणजे स्वच्छ पाण्यात ब्लोअरच्या, म्हणजे हवा मारणाऱ्या मशीनच्या, ज्या हवेने भागलं असतं तिच्या दीडपट ते अडीचपट हवा लागते, आणि ते वीजबिलात दिसतं. वरून पंखा फिरवून पाणी उडवणाऱ्या एरेटरमध्ये मात्र खळबळ इतकी असते की पृष्ठभाग थांबूच शकत नाही आणि बुडबुडे बारीक राहिल्याचा फायदा मिळतो, तिथे अल्फा कधी कधी १ च्या वरही जातो. त्यात मुंबईची उष्णता, ३० अंशाला लिटरभर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशाला नऊच्या वर. टँकमध्ये २ मिलिग्रॅम तरी राखायचा असतो, तेव्हा इथे हातात फार जागा नसते.

टँकवर पांढरा फेस आहे, आमच्या मागच्या बिल्डिंगच्या टँकवर तपकिरी आहे. एकच का?

नाही, आणि उपायही वेगळे. पांढरा, हलका, वाऱ्याने उडणारा फेस बहुतेक वेळा डिटर्जंटचा असतो, नवीन प्लांट सुरू करताना हमखास येतो कारण ते खाणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. गाळ, म्हणजे टँकमधल्या जिवाणूंचा साठा, वाढला की आपोआप उतरतो, थोडा धीर धरा. तपकिरी, जाड, सायीसारखा, पाणी मारूनही न हलणारा फेस असेल तर धाग्यासारखे वाढणारे जिवाणू, नोकार्डिया गटातले वगैरे, पृष्ठभागावर जमलेत. त्यांची अंगं पाणी झिडकारणारी, बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फिल्म धरून ठेवतात. तिथे गाळाचं वय, म्हणजे तो टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतो ते, कमी करणं, तेल आणि ग्रीस आधीच अडवणं आणि वरची साय काढून बाहेर टाकणं हेच काम करतं. ती साय पुन्हा टँकमध्ये ढकलू नका, मी हात जोडून सांगतो.

जुन्या डिटर्जंटचा त्रास याहून वाईट होता. त्यांच्या रेणूंच्या साखळ्या फांद्या फुटलेल्या होत्या आणि जिवाणूंना त्या तोडता येत नसत, युरोप अमेरिकेत नद्या फेसाळल्या, शेवटी १९६० च्या दशकात सरळ साखळीचे रेणू आले जे जिवाणू खाऊ शकतात.

अँटीफोम, म्हणजे फेस मोडायचं केमिकल, कसं काम करतं? डाळीत तेलाचा थेंब टाकतो तसंच का?

तत्त्व तेच. डाळ उकळताना तिची प्रोटीन्स आणि सॅपोनिन्स फिल्म धरतात. तेलाचा थेंब फिल्ममध्ये शिरतो, दोन्ही बाजूंना टेकून पूल करतो, तेलाला पाणी भिडून राहत नाही म्हणून पुलाच्या कडेने फिल्म फाटते. वरून पसरलेलं तेल पृष्ठभागावरचे रेणूही बाजूला सारतं. नुसतं तेल थोडं आळशी असतं. बाजारातल्या सिलिकॉन अँटीफोममध्ये म्हणून तेलासोबत पाणी झिडकारणाऱ्या सिलिकाचे बारीक कण घातलेले असतात, ते कण टोचून तेलाला फिल्ममध्ये घुसायला मदत करतात. नुसते कण कमी पडतात, नुसतं तेलही कमी पडतं, दोघं मिळून मात्र फार थोड्या डोसात काम होतं.

डोसचा हिशोब: १०० घनमीटरच्या टँकला ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) म्हणजे अर्धा किलो. त्याने सुरुवात करा, कॅन उपडा करू नका. कारण अँटीफोम वरच्या फेसातलेच नाही तर खाली पाण्यातले बुडबुडेही एकमेकांत मिसळवतं, बुडबुडे मोठे होतात, क्षेत्रफळ घटतं आणि ऑक्सिजन पडतो. फेस गेला म्हणून सगळे खूश आणि दोन दिवसांनी टँकला वास, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. आणि प्लांट मेंब्रेनवाला, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून गाळणारा, असेल तर सिलिकॉन वापरायच्या आधी मेंब्रेन कंपनीला विचारा, ते मेंब्रेनवर बसतं.

पोटातल्या गॅसच्या औषधात पण हेच असतं असं ऐकलं?

हो. बऱ्याच अँटासिड सिरपच्या बाटलीवर सिमेथिकोन लिहिलेलं दिसेल, ते म्हणजे सिलिकॉन तेल आणि सिलिका, टँकमधल्या अँटीफोमचंच औषधी दर्जाचं भावंड. पोटातल्या फेसाचे बारीक बुडबुडे मिसळून मोठे होतात आणि गॅस बाहेर पडायला सोपा जातो. ते रक्तात जात नाही. एंडोस्कोपीच्या आधीही देतात, कॅमेऱ्यासमोर फेस नको म्हणून. तान्ह्या बाळाला द्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नळाच्या पाण्यात येतो, असं का?

बोअर आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असतं. ते साबणाला पकडून न विरघळणारा साका करतात, म्हणजे सरफॅक्टंट कमी झाला, आणि त्या साक्याचे कण वरून फिल्म फोडायलाही मदत करतात, दुहेरी मार. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी पावसाचं साठवलेलं, त्यात हे क्षार कमी. डिटर्जंट पावडरला याचा त्रास कमी होतो.

बुडबुडे एकमेकांना न भेटताही मोठे होतात का?

होतात, आणि लोक या दोन गोष्टींत गल्लत करतात. लहान बुडबुड्यात दाब जास्त, मोठ्यात कमी, त्यामुळे लहानातला गॅस पाण्यात विरघळत विरघळत मोठ्यात जातो. फिल्म फाटतच नाही, तरी बारीक बुडबुडे नाहीसे होतात. गॅस जितका विरघळणारा तितकं हे लवकर. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे ५० पट विरघळतो, म्हणून सोड्याचा फेस झपाट्याने खरखरीत होतो आणि नायट्रोजन भरलेल्या कॉफीचा मऊ राहतो. सरफॅक्टंट बदलून हे फारसं थांबत नाही, गॅस बदलावा लागतो.

माटुंग्याच्या फिल्टर कॉफीवरचा फेस?

उंचावरून ओतताना हवा मिसळते आणि दुधातली प्रोटीन्स फिल्म धरतात. दुधातली चरबी वेगळी सुटली तर ती फेस मोडते, म्हणूनच नीट एकजीव दुधाला फेस चांगला धरतो.

या विषयाचं मुंबईशी काही नातं?

मोठं आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग सुरू झाला, आमच्या पिढीसाठी तो यूडीसीटीच, आता त्याच माटुंग्यातली आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तिथे प्रा. मनमोहन शर्मा यांनी गॅस आणि द्रव यांच्यातल्या क्रियांवर केलेलं काम जगभर वापरलं जातं, १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी बबल कॉलमवर, म्हणजे ज्या उभ्या टाकीत तळातून गॅस सोडतात त्यावर, आयुष्यभर काम केलं. केमिकल इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनी यांचे पेपर जरूर वाचावेत.

आणि आणखी एक नाव आवर्जून सांगतो, आग्नेस पॉकेल्स. जर्मनीतली ही बाई, विद्यापीठात जायची सोय नव्हती, घरचं स्वयंपाकघर सांभाळता सांभाळता तिने पत्र्याच्या चरात पाणी भरून पृष्ठभागावरच्या थराला एका पट्टीने आवळत पृष्ठताण मोजायची पद्धत काढली. इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, त्यांनी ते १८९१ मध्ये नेचर या विज्ञान मासिकात छापून आणलं. पुढे अमेरिकेच्या लँगम्युअरने तीच वाट सुधारली आणि त्याला १९३२ मध्ये नोबेल मिळालं. आजही लॅबमध्ये ज्या उपकरणाला लँगम्युअरचं नाव आहे त्याची सुरुवात पॉकेल्सबाईंच्या स्वयंपाकघरात आहे, हे मुलींच्या शाळेत तर शिकवलंच पाहिजे.

आमच्या टँकमध्ये त्रास साबणाचा आहे का हे लॅबशिवाय कळेल?

पक्कं नाही, पण दिशा कळते. एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडतात त्या टँकमध्ये, येणारं पाणी पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण लावून जोरात हलवा, खाली ठेवा आणि फेस किती वेळ टिकतो ते घड्याळावर बघा. मग तसंच टँकमधून बाहेर पडणाऱ्या, गाळ खाली बसलेल्या पाण्याचं करा. येणाऱ्या पाण्यात फेस टिकतो आणि जाणाऱ्यात लगेच मोडतो, तर जिवाणू डिटर्जंट खातायत, प्लांट ठीक आहे, वरचा फेस पाण्याचे फवारे मारून सांभाळा. दोन्हीत सारखाच टिकतो तर जिवाणू कमी पडतायत, गाळ, हवा आणि पाणी टँकमध्ये थांबायचा वेळ तपासा. दोन्हीत पटकन मोडतो आणि तरी टँकवर जाड तपकिरी साय आहे, तर प्रश्न धागेवाल्या जिवाणूंचा, तो मायक्रोस्कोपखाली बघायचा. हातमोजे घाला, बाटली नंतर फेकून द्या, आणि सकाळी आठ आणि दुपारी तीन अशा दोन्ही वेळी करा, नाहीतर वॉशिंग मशीनच्या वेळेचाच निकाल हातात येईल.